जोडणीबाईंचा एकटेपणा मंजूर होतो

जोडणीबाई एकट्या आहेत, ही गोष्ट साऱ्या इमारतीला ठाऊक होती. फक्त सरकारदरबारी तिची नोंद नव्हती. टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं त्यांनी लोकांची बोलणी जोडून दिली, म्हणून हे नाव. आता यजमान जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा परदेशी होता, आणि दिवसभर बोलायला घरात कुकर तेवढा होता. तोही तीन शिट्ट्यांपलीकडे मनातलं फारसं सांगत नसे.

अशात बाईंना गाणं शिकायचं होतं. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज ऐकले, एकदा आपला ऐकावा, एवढीच हौस. ‘आजीवन शिक्षण व ज्येष्ठ समाधान कक्षा’चा गायनवर्ग दर बुधवारी भरे. अट एकच : विद्यार्थी एकाकी असावा.

“मी एकटीच राहते हो,” बाई कक्षाच्या खिडकीपाशी म्हणाल्या.

“तसं सगळेच म्हणतात, मावशी,” कारकून म्हणाला. “तुम्हाला कोणीही ओळखत नाही, असं तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या शेजाऱ्याकडून लिहून आणा.”

देव भावाचा भुकेला, कक्ष कागदाचा. बाई अर्ज घेऊन समोरच्या वहिनींकडे गेल्या. वहिनी नुकत्याच नोकरीतून निवृत्त झालेल्या. एका जिन्यावर अकरा वर्षं राहून दोघींचा संबंध पायपुसण्याच्या पलीकडे गेला नव्हता. वहिनींनी अर्ज वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

“अगंबाई! ओळखत नाही म्हणून सही करायची, तर आधी ओळख नको का व्हायला? या, बसा.”

ओळख व्हायला दोन तास लागले. मग सही झाली. दुसऱ्या दिवशी वहिनी वाटीत काहीतरी गोड घेऊन आल्या, तिसऱ्या दिवशी वाटी न्यायला आल्या, आणि चौथ्या दिवशी काहीच कारण नसताना आल्या. कक्षाने अर्ज परत केला. शेरा : ‘साक्षीदार अर्जदाराशी हसून बोलतो.’

मग तपासनीस नेमले गेले. सहा आठवडे दर बुधवारी येऊन ते एकटेपणाला दहापैकी गुण देणार होते. पहिल्याच भेटीत त्यांनी लिहिलं, ‘आलेली माणसं : एक.’

“अहो, कोण आलं?” बाईंनी विचारलं.

“मी.”

बाईंनी चहा पुढे केला.

“नको, आजी. चहाचे दोन गुण जातात. आणि माझी तब्येत विचारू नका, ती आपुलकीत धरतात.” मग तपासनीस कागद बाजूला ठेवून हळूच म्हणाले, “तसा गुडघा दुखतोच हो माझा.” गुडघ्याची हकिगत तासभर चालली. डोळे पुसून त्यांनी बाईंचे आणखी तीन गुण कापले.

आता मात्र बाई इरेला पेटल्या. मुलाला म्हणाल्या, “रविवारचा फोन करू नकोस रे. माझे गुण जातात.”

“कसले गुण? आई, तू बरी आहेस ना?”

“बरी असून कसं चालेल, राजा? सहा आठवडे थांब.”

मुलगा गुणी. थांबला तो थांबलाच. वहिनींनी बेल वाजवली की बाई दाराआड श्वास रोखून उभ्या राहत. भाजीवाल्याशी खुणांनी बोलत. सहाव्या बुधवारी त्यांनी तपासनिसांनाही दार उघडलं नाही. तपासनिसांनी बाहेरूनच दहापैकी दहा दिले आणि अभिनंदनाचं पत्र फटीतून आत सरकवलं.

वर्गात वीस जण होते, सगळे पैकीच्या पैकी मिळवलेले. गुरुजींनी सूर दिला. दीड महिना न वापरलेले वीस गळे आधी खाकरले, घसरले, आणि मग असा काही सूर लागला म्हणता! बाईंच्या डोळ्यांना धार लागली. शेजारच्या आजोबांनी रुमाल पुढे केला.

“धुतलेला आहे,” आजोबा म्हणाले.

“नसता तरी घेतला असता,” बाई म्हणाल्या.

दारातून कारकून हे टिपत होता. वर्ग सुटताच विसांच्या हाती वीस दाखले पडले : ‘एकाकीपणा समूळ बरा. लाभार्थी यापुढे अपात्र.’ अहवालात शंभर टक्के यश.

“अरे बाळा, मला तर आत्ता कुठे सा लागला!”

“लागला ना? मग झालं की, मावशी. पुढच्यांना लागू द्या.”

घरी येऊन बाईंनी मुलाला फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. मग त्यांनी समोरची बेल दाबली. आत पावलं वाजली, दारापाशी आली आणि थांबली.

“जोडणीबाई, रागावू नका हं,” दारापलीकडून वहिनी कुजबुजल्या. “माझा चौथा आठवडा चाललाय. चित्रकलेच्या वर्गासाठी.”

बाईंनी वर पाहिलं, खाली पाहिलं. प्रत्येक मजल्यावर दार बंद, आणि प्रत्येक दाराआड कोणीतरी श्वास रोखलेला.

तुम्ही म्हणाल, काय हा वेडेपणा! आमच्याकडे असलं काही नाही. खरं आहे, मंडळी. पण मघाशी हे वाचताना तुमची बेल वाजली, आणि “असेल कोणीतरी” म्हणून तुम्ही पुढची ओळ वाचलीत. दहापैकी दहा, आणि तुम्ही तर अजून अर्जही भरलेला नाही.