कुसुम सिस्टरची थंड मशिनं

आमच्या शेजारच्या कुसुम सिस्टर उजाडताना अंगणात उभ्या राहून कुणाला तरी हलक्या आवाजात ‘रड’ म्हणतात. ‘रड गं, एकदाच रड.’ थंडीत उसाच्या फडातून धुकं सरकत येतं, कुंपणापलीकडचं काही दिसत नाही, फक्त हा आवाज येतो. दूधवाला भाऊसाहेब नवीन होता तेव्हा त्यांच्या फाटकातूनच मागे फिरला आणि त्यांचं अर्धा लिटर दूध माझ्याकडे ठेवून म्हणाला, “त्या घरात काय हाय ते तुमीच बघा, बाई.”

घरात काही नाही. जे आहे ते ओसरीवर. देवळाली प्रवरा आणि आसपासच्या वस्त्यांवरून आलेली, मेकॅनिकने नाद सोडलेली टू-स्ट्रोक मशिनं: पाठीवरचे फवारणी पंप, ग्रासकटर, झाडं कापायची एक करवत. प्रत्येकावर पांढरा टॉवेल, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. धुक्यात ती रांग पाहिली की एखादा टॉवेल हलल्यासारखा वाटतो. एकदा खरंच हलला. खाली मांजर होतं, पण त्या दिवशी माझा चहा गार झाला.

सिस्टरनी निवृत्त होईपर्यंत खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत बाळंतपणं केली. चिठ्ठीवर मशीनच्या मालकाचं नाव आणि ‘पहिलं रडू’ किती वाजता, ते लिहिलेलं असतं.

नातवंडांनो, तिकडे तुमच्याकडे बटण दाबलं की गवत कापलं जातं. इथे थंड मशीनला विनवावं लागतं. रबरी फुगा दाबून पेट्रोल वर आणायचं, हवा अडवणारा चोक लावायचा, दोरी ओढायची. एकदाच ‘फट्’ होतं, तेच रडू. ते ऐकताच चोक उघडायचा, नाहीतर पेट्रोल साचून मशीन गुदमरतं. सुरू झाल्यावरही लगेच वेग वाढवायचा नाही, म्हणजे रेस द्यायची नाही. अंग गरम होईपर्यंत नुसतं धरून उभं राहायचं. एका शेतकऱ्याने घाई केली तर सिस्टर त्याला म्हणाल्या, “जल्मल्या जल्मल्या पळाया लावतो का रं?”

‘गेलं’ हा शब्द मात्र त्यांच्यासमोर काढायचा नाही. तुमच्या आजोबांचा ग्रासकटर ते वारल्यापासून दोन वर्षं मुका पडला होता. मेकॅनिक म्हणाला गेला, मीही म्हणाले गेला, आणि भंगारवाल्याला दहा वाजता यायला सांगितलं. सिस्टर सात वाजताच टॉवेल घेऊन हजर. तो येईपर्यंत मशीन माझं, म्हणाल्या. तुम्ही फक्त घड्याळ बघा.

फुगा, चोक, दोरी. काही नाही. पुन्हा दोरी. त्यांनी प्लग काढला, पुसला, फुंकर घातली, परत बसवला. धुकं इतकं दाट की दोरी ओढणारा हात तेवढा दिसत होता. मधूनच त्या वाकून मशीनला कान लावायच्या आणि अगदी गप्प व्हायच्या. मीही श्वास रोखायचे, कशासाठी ते कळत नव्हतं. अर्ध्या तासाने त्यांच्या तळव्यातून रक्त आलेलं दिसलं. मी म्हणाले, सिस्टर, पुरे आता.

“रड,” त्या म्हणाल्या.

ते मला नव्हतं. मशीनलाही नसावं.

आणि फट् झालं. त्यांनी अंगठ्याने चोक उघडला, पुन्हा दोरी ओढली. निळा धूर सोडत, अडखळत, मशीन सुरू झालं. सिस्टर हँडल धरून तशाच उभ्या.

“किती झाली?”

“एकोणचाळीस मिनिटं.”



“नोकरीचं पयलं वरीस हुतं,” त्या म्हणाल्या. “एका बाईला मुलगी झाली. रडलीच न्हाई. लई परयत्न केला मी. पण इसाव्या मिनटाला थांबले, बाई.”

मी पदराने त्यांचा तळवा पुसला. रेस द्यायला अजून अवकाश होता. आम्ही दोघी हँडलला धरून उभ्या राहिलो.