वाघाकडे पाठ

इकडे या बरं जरा, असे जवळ येऊन बसा. लांबून ओरडायचं त्राण नाही आता माझ्यात. आणि आधी तो फोन खाली ठेवा. नाशकात कुणाच्या पार्किंगमध्ये बिबट्या शिरला, की तुम्ही सकाळी सकाळी मला व्हिडिओ पाठवता, आणि खाली ती दात काढून हसणारी तोंडं! बिबट्या म्हणजे काय करमणूक वाटली तुम्हाला? आमच्या घरात एका बिबट्यापायी काय काय झालं ते आधी ऐका. मग हसायचं तर हसा. मीही हसते अधूनमधून.

जंगलात भर रस्त्यात वाघ येऊन बसला होता, तेव्हा सगळ्या गाड्यांत मिळून एकच माणूस त्याच्याकडे पाठ करून उभा होता. तो माझा धाकटा भाऊ, नामदेव. आमचा नामा.

लोकांचे श्वास अडकलेले. शेजारच्या गाडीतली एक बाई आनंदानं रडत होती. आणि नामा आमच्या उघड्या जिप्सी गाडीच्या दांडीला धरून उलटा उभा, झाडांच्या फांद्या न्याहाळत. गाईड कुजबुजला, "काकाजी, वाघ इकडं आहे जी." नामा वळला. आपल्या वाफ्यात शेजाऱ्याचं वासरू शिरावं, तसं त्यानं वाघाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "ह्यो व्हय. बरं. बसू द्या त्याला. तुम्ही आपलं बिबट दाखवा."

आता हा माणूस कोण, ते सांगते. नाशकात मखमलाबादच्या पुढे आमचा मळा आहे. झेंडू, शेवंती, कडेला मेथी-कोथिंबीर. नामाचा सगळा जन्म उजाडायच्या आत फुलं तोडण्यात आणि बाजार गाठण्यात गेला. जगातल्या कुठल्याही जनावराबद्दल त्याचं एकच मत असतं, "हे तर आपल्याकडं फुकाट येतंय." त्या दिवशी सफारीत मोर दिसला. "मेथी खातो." रानडुक्कर दिसलं. "ह्याला बघायला पैशे दिले तुम्ही?" माकडं दिसली तेव्हा त्यानं नुसताच हात झटकला, आणि तो माकडांसाठी होता की आमच्यासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

बिबट्याचं मात्र तसं नव्हतं.

भावजय वारली आणि पुढच्याच वर्षी मळ्याभोवती एक मादी फिरायला लागली. दिवेलागणीला विहिरीच्या कडेनं जायची. नामाची कोंबडी नेली, मग कुत्रं नेलं. दुसऱ्या कुणी बोंबाबोंब केली असती. हा म्हणायचा, "तिलाबी पोटं भरायची असतील." तिला 'बाई' म्हणायला लागला. "आज बाई उशिरा आली." "बाईचं अंग उतरलंय." मी फोन केला की आधी बाईची खबर, मग स्वतःची. माझी तर विचारायचाच नाही.

त्याचा मुलगा प्रवीण सातपूरला कंपनीत आहे, पण तेव्हा सगळे राहायचे मळ्यातच. त्याची पोरगी तेव्हा नुकती चालायला लागलेली. एका संध्याकाळी तिच्या झोपाळ्याखाली त्या बाईसाहेब पाय पसरून बसलेल्या, आणि ते सूनबाईनं, मनीषानं, खिडकीतून पाहिलं. झालं. पुढच्या महिन्यात बिऱ्हाड गंगापूर रोडला, चौथ्या मजल्यावर. नामा गेला नाही. "फुलं कोण तोडंल?" म्हणाला. मग प्रवीणनं अर्ज केला, वनखात्याची माणसं आली, आत बकरी बांधून पिंजरा लावला, आणि बाई सापडली. तिला कुठे सोडणार, ते कुणी सांगितलं नाही. लांबच्या जंगलात, एवढंच.

पिंजरा गाडीत चढवताना तिनं आपल्याकडे बघितलं, असं नामाचं म्हणणं. "आक्का, तिला वाटलं आसंल, म्याच लावला पिंजरा."

त्यानंतर मळ्यात तो आणि पाण्याची मोटर, एवढे दोघंच. मोटरीचंही वय झालेलं. गेल्या थंडीत तो तिच्यापाशी घसरून पडला आणि दूधवाला येईपर्यंत तसाच पडून राहिला. तेव्हापासून प्रवीण कामावरून सुटला की सातपूरहून मळ्यावर, बापाचं जेवणखाण बघून गंगापूर रोडला, आणि सकाळी परत तेच. पोराच्या डोळ्यांखाली काळं झालं. "बापू, चला ना घरी," म्हणून हात जोडायचा. आणि नामाचं उत्तर ठरलेलं, "बाई धड पोचली का, येवढं बघतो. मंग येतो तुमच्या डब्यात राह्यला."

डबा म्हणजे फ्लॅट.

शहाण्या माणसानं यावर डोकं धरून बसावं. जंगल काय एक आहे? पण प्रवीणनं रजा टाकल्या आणि बापाला जंगलं दाखवायला सुरुवात केली. दोन आधीच झाली होती. हे विदर्भातलं तिसरं. यावेळी पोरीला आजोळी ठेवून मनीषाही आली, आणि मलाही ओढलं, कारण म्हणे आत्या असली की बापू ऐकतात. ऐकतात कसले! स्टेशनावर एकानं कुठे निघालात म्हणून विचारलं, तर हा मोठ्यानं म्हणाला, "बाईला भेटायला. पोरगाच घिऊन चाललाय." मनीषानं ओढणी तोंडाला लावली.

रात्रभर प्रवास करून पहाटे फाटकावर उभे राहिलो, तर गाईडनं नामाला अडवलं. पांढरं चालत नाही म्हणे, जनावरं बुजतात. टोपी पांढरी, सदरा पांढरा, लेंगा पांढरा. नामा म्हणाला, "माझ्या टोपीनं वाघाला काय व्हतंय?" शेवटी त्याला माझी तपकिरी शाल गुंडाळली आणि डोक्यावर मनीषाची हिरवी ओढणी बांधली. नवसाला निघालेल्या म्हातारीसारखा दिसत होता.

खरी गंमत पुढे. आमच्याकडे मळ्यात संध्याकाळनंतर कुणी मुकाट्यानं चालत नाही. खाकरायचं, काठी आपटायची, फोनवर गाणी लावायची. बिबट्याला आपली चाहूल लागली की तो आपण होऊन बाजूला होतो. नामाच्या अंगात ते इतकं मुरलंय, की जिप्सी वळणावर आली की हा घसा साफ करायचा. साधा नाही. "आह्-ह्-ख्याः!" असा, तीन शेतांपलीकडे जाणारा. समोरची हरणं उधळली. एक सांबर पाणी पीत होतं, ते पाणी टाकून पळालं.

गाईड काकुळतीला आला. "काकाजी, खाकरू नका ना जी. जनावर पळते."

"पळू द्या की. न सांगता कुणाच्या घरात शिरायचं व्हय?"

"आपण बघायलाच आलो आहोत ना बाप्पा!"

"मंग तर सांगूनच यावा माणसानं."

गाईडनं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. माझे गुडघे तोवर खिळखिळे झाले होते, दातांत धूळ कचकचत होती आणि कुणाची बाजू घ्यायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

सकाळ अशी गेली. तो वाघ दिसला तो तेव्हाच, आणि त्याचा आमच्या गाडीत कुणाला काही उपयोग झाला नाही. दुपारी खोलीवर प्रवीण जेवता जेवता भिंतीला टेकून झोपला. हातात घास तसाच. सकाळची शिफ्ट करून थेट गाडीत बसला होता बिचारा. मनीषानं हलकेच त्याचा हात ताटात ठेवला आणि म्हणाली, "आत्या, हे जंगल झालं की आता रजा नाही उरली. मळ्यातला तो हेलपाटा काही सुटत नाही. हे आजारी पडतील." नामा दारात बसून तंबाखू मळत होता. मान वर केली नाही, पण हात थांबला.

संध्याकाळी परत फेरीला निघालो. मी गाईडच्या मागच्या बाकावर, मनीषा माझ्या शेजारी, बापलेक मागे. उन्हं उतरली, परतायची वेळ झाली, ड्रायव्हरनं गाडी वळवायला घेतली आणि गाईडनं हात वर केला.

मोहाच्या आडव्या फांदीवर बिबट्या. चारी पाय खाली सोडून, पोट फांदीवर टेकून, आमच्यासारखाच दमलेला.

गाईड ड्रायव्हरच्या कानाशी पुटपुटला, "मोठा नर आहे. इथलाच जुना." मी पुढे होते म्हणून मला ऐकू आलं. मागून प्रवीणचा आवाज, अगदी लहान मुलासारखा, "बापू, नीट बघा ना. तीच आहे का?"

मी वळून पाहिलं. नामा बिबट्याकडे बघत होता. बराच वेळ. मग त्यानं प्रवीणकडे पाहिलं. तेही बराच वेळ.

"हीच हाय," तो म्हणाला. "आपलीच बाई. कशी मजेत हाय बघ. चांगली भरलीय." आणि डोक्यावरची ओढणी सोडून, घडी घालत म्हणाला, "चला आता घरी. कोथिंबिरीचं तेवढं उरकतो आन् येतो तुमच्याकडं."

प्रवीणचे खांदे खाली आले. फाटक येईस्तोवर तो बापाच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेला होता, एवढ्या खड्ड्यांतून, आणि नामा त्याच्या केसांतली धूळ बोटांनी काढत होता. गाडी फार आदळली की ड्रायव्हरला म्हणायचा, "हळू घ्या ना दादा."

फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर आम्ही दोघंच होतो. नामा बशीत चहा ओतत म्हणाला, "आक्का, नर व्हता त्यो."

"तुला कळलं होतं?"

"इतकी वर्सं बघतोय. मला कळत न्हाय व्हय?"

"मग रे?"

त्यानं बशी फुंकली. "पोरगं लय दमलंय गं."

आता मळा वाट्यानं दिलाय. नामा गंगापूर रोडला चौथ्या मजल्यावर असतो. नात सांभाळतो, सोसायटीच्या बागेतल्या झेंडूला नावं ठेवतो. कुणी आलं की बिबट्याची गोष्ट सांगतो, बाई फांदीवर कशी ऐसपैस पसरली होती ती. प्रवीण शेजारी बसून दर वेळी हसतो. त्याच्या डोळ्यांखालचं काळं गेलंय. आणि मी एकटी असले की नामा गॅलरीतून बाहेर बघत हळूच विचारतो, "आक्का, पोचली आसंल ना गं ती?" मी म्हणते, पोचली. आणखी काय म्हणणार? मीही थकले, मला तिकडे जास्त जाणं होत नाही. द्वारका चौकातल्या गर्दीतून रिक्षा काढता काढता जीव जातो.

म्हणून म्हणते, तुम्हीच एकदा जा. फोन करून नको, नुसते व्हिडिओ पाठवून नको. जाऊन बसा त्याच्यापाशी आणि गोष्ट पुरती ऐका, मध्ये घड्याळ बघू नका. नर होता, हे मी तुम्हाला सांगितलंय; प्रवीण काही आत्ता इथे नाही, पण त्याच्यासमोर तेवढं पोटात ठेवा. संध्याकाळी जा, दिवेलागणीला. त्याला ती वेळ फार जड जाते. आणि लवकर जा हं.