डी ड्राइव्हमधली रिकामी जागा

मंगळवारी सकाळी उकंडराव नगराळ्यांच्या कम्प्युटरवर एक चौकट उगवली. चष्मा पुसून, अक्षर अक्षर लावत त्यांनी ती वाचली. व्हर्च्युअल मेमरी कमी पडते आहे, असा काहीसा इंग्रजी मजकूर होता. उकंडरावांनी तो स्वतःवरच घेतला. पांढरकवड्याच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून एकोणतीस वर्षं काढलेल्या माणसाची मेमरी कमी? त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या पहाटेच्या वणीपासून रात्रीच्या आदिलाबादपर्यंत सगळ्या गाड्या वेळेसकट म्हणून दाखवल्या. ऐकायला घरात कोणी नव्हतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती आणि एकुलती एक मुलगी मोनाली पुण्याला नोकरीत होती. पण एकही गाडी चुकली नाही, तेव्हा दोष यंत्राचाच, हे सिद्ध झालं.

त्यांनी मोनालीला फोन लावला. एरवी तीच रविवारी करायची आणि तो फोन चार मिनिटांत आटपायचा. जेवले का, गोळी घेतली का, ठेवू का.

"बाबा, मीटिंगमधे हाय मी. लवकर सांगा."

"हा कम्प्युटर म्हन्ते, मेमरी कमी हाय."

"जुना हाय न तो. आतली मेमरी पुरत नाई, मंग तो डिस्कवर एक फाईल बनवते अन् उरलेलं तिथं ठेवते. ते फाईल सी ड्राइव्हमधे हाय, अन् सी भरून गेला. तुमी तिले दुसरीकडं न्या. कसं करायचं ते लिहून पाठवते."

"दुसरीकडं म्हंजे कुठं?"

"जागा असन तिथं! ठेवते."

उकंडरावांनी तिच्या सूचना वहीत उतरवून घेतल्या आणि सीमधून फाईल काढली. आता ठेवायची कुठं? कोणती गाडी कोणत्या फलाटावर लावायची, याचा निकाल त्यांनी नोकरीभर अर्ध्या मिनिटात दिला होता. इथं तर डी आणि ई असे दोनच फलाट होते. पण डीपुढे मोनालीनं कॉलेजात असताना आपलं नाव लिहून ठेवलं होतं. घरातली तिची खोली त्यांनी अजून जशीच्या तशी ठेवली होती. पाहुणे आले तरी त्यांच्या बॅगा तिथं जात नसत. कुठल्याशा फाईलला तिच्या ड्राइव्हमध्ये कसं घुसवायचं? त्यांनी ती ईमध्ये टाकली.

ई ड्राइव्ह नावापुरताच होता. आधी नुसती सूचना यायची, आता जे उघडावं ते धाडकन बंद व्हायला लागलं. दोन दिवस झटापट करून शुक्रवारी उकंडरावांनी तो डबा मांडीवर घेतला आणि ऑटोनं जफरच्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात नेला.

"काका, ईमधे कोनं ठेवली ही फाईल?" जफर हसायला लागला. "इथं तं तिले पाय पसराले जागा नाई. डीमधे टाकतो. अन् त्यातलं पुरानं सामान उडवून देऊ काय? कॉलेजचे फोटो-गिटो दिसून राह्यले."

"हात लावू नको!"

उकंडराव इतक्या जोरात ओरडले, की जफरच्या हातातला चहा कीबोर्डवर सांडला. न उडवताही काम होतं, हे त्यानं परोपरीनं सांगितलं. पण उकंडरावांचा भरवसा गेला होता. डबा पुन्हा मांडीवर, पुन्हा ऑटो.

रविवारी मोनालीचा फोन आला तेव्हा तिला हे सगळं कळलं. तिनं एक प्रोग्राम टाकायला लावला. तो तिसऱ्या खेपेला कसाबसा बसला. मग पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला.

"आता तुमची स्क्रीन मले इथून दिसते," ती म्हणाली. "कवाबी पाहू शकते. बाबा, डी तं अर्धा रिकामा हाय! काहून नाई ठेवली तिथं?"

"तुयं सामान हाय त्याच्यात."

"कायचं सामान, बाबा..."

 बाण एका फोल्डरवर गेला आणि एक फोटो उघडला. मुकुटबनला कोणाच्या तरी लग्नात काढलेला.

"आई कोनावर चिडली इथं?"

"माह्यावर. मी मांडवात लोकायले गाड्यांचे टाइम सांगत होतो म्हून."

मोनाली खळखळून हसली. फाईल डीमध्ये गेली, कम्प्युटर बंद होऊन सावकाश सुरू झाला, आणि तोवर दोघं बोलत राहिले. तिची मैत्रीण खोली सोडून गेली होती, हे उकंडरावांना तेव्हा कळलं. ती रोज एकटीच जेवत होती. ते वांग्याची भाजी सलग तीन दिवस खातात, हे तिला कळलं. फोन एक तास पन्नास मिनिटं चालला.

पुढच्या रविवारी तिनं विचारलं, "चालते न बरोबर?"

"एकदम फस्क्लास."

"मंग झालं. गोळी घेतली? ठेवते."

तीन मिनिटं. उकंडराव बराच वेळ पडद्यासमोर बसून राहिले. जे उघडावं ते झटक्यात उघडत होतं. त्यांना त्याचा राग आला.

त्याच्या पुढच्या रविवारी फोन वाजला, तेव्हा ते कम्प्युटरवर पत्ते खेळत होते आणि डाव झकास लागला होता.

"कम्प्युटर ठीक हाय न, बाबा?"

उकंडरावांनी घसा खाकरला. "नाई माय. पुन्हा तेच लिहून येऊन राह्यलं. मेमरी कमी म्हन्ते. काईच उघडत नाई."

"थांबा, पाह्यते."

तिकडे कीबोर्ड वाजला.  उकंडरावांनी अस्वस्थ होऊन एक पत्ता उचलला, परत ठेवला.

"हो बाबा," मोनाली शेवटी म्हणाली. "दिसून राह्यलं. मोठाच बिघाड हाय."

"दुरुस्त होईन?"

"होईन. पन टाइम लागन. आजच्या आज नाई होत, पुढच्या रविवारीबी बसा लागन." तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "मी जेवाचं ताट घेऊन येते. तवरिक तुमी ते बदामची अठ्ठी इस्पिकच्या नव्वीवर ठेवा."