चार वाजताच्या चहावरील बंदीची हकीकत

श्रीशारदा सर्वांस आठवण देवो आणि विसर आपणाकडे ठेवो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मासी एका विद्यापीठ-राज्यावर संकट गुदरले, ते ऐसे. राजधानीहून तपासनीस येणार आणि "माणूस गेला म्हणजे त्याचे ज्ञान येथे राहते, की त्याजबरोबर जाते?" ऐसे पुसणार, म्हणोन खलिता आला. कुलगुरू महाराजांची गाळण उडाली आणि त्यांनी ज्ञानकोठार म्हणोन थोर संगणक आणविला, आणि तो भरावयाची कामगिरी मैनाबाई देवस्थळी यांजवर सोपविली. बाई पदार्थविज्ञानाच्या, नेमणूक हंगामी. महाराज बोलले, "कोठार भरले तर तुम्हांस कायम करू. न भरले तर..."

मग बाई विभागोविभागी फिरल्या. रसायनाचे सरदार त्र्यंबकराव घैसास म्हणाले, "बाई, सारे लिहून दिले तर उद्या आम्हांस कुत्रे तरी विचारील काय?" बाकीचे म्हणाले, वेळ नाही. आणि हेच सरदार रोज चार वाजता चहावर तास तास बसत, आणि कोणाचे काय बिघडले, कैसे सावरले ते हातवारे करून सांगत, आणि बाईही तेथेच शिकल्या; परंतु भयापुढे अक्कल चालत नाही. बाईंनी अर्ज केला, "महाराज, चहा बंद करावा. तो वेळ कोठारास मिळेल." तत्काळ हुकूम सुटला. हाय हाय! उपाहारगृहास कुलूप पडले, आणि सरदार आपापल्या खोलीत मुकाट बसून जुनी भाषणे, अहवाल, सभांचे वृत्तांत कोठारात लोटू लागले. मग तपासनीस आले, तो ढीग पाहून बहुत खूश जाहले, उत्तम श्रेणी दिली आणि मानाचे फेटे बांधवून घेऊन गेले. मैनाबाई कायम जाहल्या. पेढे वाटले.

दुसरेच दिवशी बाईंच्या प्रयोगशाळेतील यंत्र घरघरू लागले. बाईंनी कोठार धुंडाळले. उद्घाटनाची भाषणे मिळाली, इलाज मिळाला नाही. मग घैसासांच्या दारी धावल्या. "त्र्यंबकराव, मागे हे यंत्र तुम्हीच सावरले होते. काय केले होते हो?" घैसासांनी मानही वर केली नाही. म्हणाले, "कोठारात पाहावे." पुढल्या दारीही तेच उत्तर, त्याच्या पुढल्या दारीही तेच. यंत्र बंद पडले.

सारांश, राज्य उत्तम ठरले, बाई कायम जाहल्या, आणि विचारावे कोणास हा घोर जन्माचा लागला. घडले तैसे लिहिले. अधिकउणे असेल ते समक्ष येऊन सांगावे.