‘आख्खं बरय’ म्हणणारे गुणाजीबाब

गुणाजीबाबांच्या हातात लग्नपत्रिका दिली की ते आधी खिशातलं लाल पेन काढतात. माझ्या बहिणीच्या पत्रिकेवरचं ‘चि. सौ. कां.’ त्यांनी खोडलं, वर ‘चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी’ असं ठसठशीत लिहिलं आणि पत्रिका मलाच परत केली.

“पोरीचं लगीन एकदाच जाता, मरे. थंयसूय काटकसर?”

गोव्यात पेडण्याला आमची लहानशी कचेरी आहे, गुणाजीबाब तिथेच काम करतात. कारखान्यांतल्या यंत्रांची माहिती आम्ही मराठीत लिहून देतो. कोल्हापूर-बेळगावकडचे कामगार ती मोबाईलवर वाचतात. मजकूर साधा टाइप करायचा, मधे तारका, कंस अशी चिन्हं घालायची, की त्यातून नीटनेटकं पान तयार होतं. त्यात एक सोय आहे. संक्षेपाचं पूर्ण रूप तळाशी एकदा लिहून ठेवलं, की पानभर त्या संक्षेपाखाली टिंबांची रेघ येते आणि तिच्यावर बोट ठेवलं की पूर्ण रूप दिसतं.

ही सोय गुणाजीबाबांना कळली आणि आमचं पान टिंबांनी भरून गेलं. ‘कि.मी.’सुद्धा त्यांनी सोडला नाही.

“किलोमीटर कुणाला कळत नाही, गुणाजीबाब?”

“कळता. पूण विचारूंक लजता, तेचें काय? आख्खं बरय.” ‘बरय’ म्हणजे लिही; हे त्यांचं पालुपद.

एकदा पंपाच्या माहितीत त्यांनी ‘ता.’ म्हणजे ‘तापमान’ असं लिहून ठेवलं. संगणक आज्ञाधारक, दिसेल त्या ‘ता.’ला तेच रूप लावतो. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मॅनेजरांचा फोन आला. “अहो, आमच्या पत्त्यात ‘ता. पेडणे’वर बोट ठेवलं की ‘तापमान पेडणे’ येतंय!”

आम्ही हसून लोळलो. गुणाजीबाब शांत. “मे महिन्यात तें चुकीचें न्हय,” म्हणाले, आणि पत्त्यात ‘तालुका’ असं अख्खं लिहून मोकळे झाले.

त्यांचा मुलगा महेश गोव्यातल्या बऱ्याच जणांसारखा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलाय, तिकडे गोदामात काम करतो. घरी गुणाजीबाब एकटेच. दुपारी डबा संपला की ते मुलाला मेसेज लिहितात, एका बोटानं, काना-मात्रा सांभाळत. उत्तर आलं की मोठ्यानं आम्हाला सांगतात.

परवाही फोन टिंगटिंगला.

“महेश. जेवलंय म्हणता. थंय थंडी खूप आसा. माज्या गुडघ्याची चवकशी करता.”

मी त्यांचा चहा घेऊन मागून येत होतो. पडद्यावर वर गुणाजीबाबांचा लांबलचक मजकूर होता: जेवलास का, थंडी किती, स्वेटर पुरतो का, माझा गुडघा आता बरा आहे. खाली उत्तर होतं. इंग्रजी ‘k’. ‘ओके’मधला ‘ओ’सुद्धा नाही.

मी कप त्यांच्या पुढ्यात ठेवला.

“आणखी काय म्हणतो महेश?” मी विचारलं.

गुणाजीबाबांनी चष्मा वर सारला, फोन जरा जवळ धरला आणि बराच वेळ वाचत राहिले.

“दिवाळेक येवचें बघता, म्हणता.”