हर्बर्ट मरणार हे फिलोमिनाआजींना आधीच कसं कळलं?

माझं नाव ओरेस्ट बाबियाक. कॅनडातलं यॉर्कटन आणि आसपासच्या दीडशे किलोमीटरच्या टापूत माझ्यासारखा तल्लख गुप्तहेर दुसरा नाही. पहिलाही नाही, असं माझी बायको व्हर्ना म्हणते, पण तिला बोलायची सवय आहे. एकतीस वर्षं मी सरकारी धान्य तपासनीस होतो. गव्हाचा दाणा दाताखाली धरला की तो कुठल्या शेतातला, किती पावसात भिजलेला आणि त्याचा मालक घरी बायकोशी कसा वागतो, हे मी सांगत असे. तिसरी गोष्ट कोणी विचारत नसे, तरी मी सांगत असे. अशी बुद्धी निवृत्त झाल्यावर घरात नुसती पडून राहिली तर गंजेल, म्हणून मी ती गुन्हेगारांच्या मागे लावली. यॉर्कटनमध्ये गुन्हेगार कमी आहेत, एवढीच अडचण होती.

ती अडचण 'पान ते पडदा' या ऑनलाइन वाचक मंडळाने दूर केली. मंडळ चालवतात स्टाइनबाकच्या ग्वेंडा पेनर. या बाई शाळेत उपमुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही आहेत, फक्त शाळा राहिलेली नाही. दर महिन्याला एक कादंबरी वाचायची, महिन्याच्या शेवटच्या रविवारी तीन वाजता तिच्यावर चर्चा करायची आणि चार वाजता तिच्यावर निघालेला चित्रपट सगळ्यांनी आपापल्या घरी बसून एकत्र पाहायचा. चित्रपटाची डिस्क ग्वेंडाबाई गावच्या ग्रंथालयातून आणतात आणि आपल्या पडद्यावरून सगळ्यांना दाखवतात. नियम एकोणीस आहेत. अकरावा असा, की चित्रपट आधी चोरून पाहणाऱ्याचं नाव मंडळातून काढलं जाईल.

जानेवारीत 'ओसाड गोठ्यातली घंटा' होती. चित्रपट सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. हर्बर्ट नावाचा तरुण पोस्टमन शीळ घालत सायकलवरून येत होता, आणि न्यूफाउंडलंडच्या फिलोमिना हाइन्स या एकोणऐंशी वर्षांच्या आजींनी रुमाल डोळ्यांना लावला.

"बिचारा हर्बर्ट," आजी म्हणाल्या. "वसंत ऋतू बघायचा नाही हो नशिबात."

एक तास चाळीस मिनिटांनी हर्बर्ट बर्फात गाडला गेला. सगळे थंडगार पडले, म्हणजे हर्बर्ट आणि आम्ही सातजण.

दुसऱ्याच दिवशी ग्वेंडाबाईंचा फोन आला. "ओरेस्ट, हे तिसऱ्यांदा झालं. नोव्हेंबरात तिने खुनी आधीच सांगितला. डिसेंबरात लग्न मोडणार म्हणाली, तेव्हा नवरीचा अजून साखरपुडाही झाला नव्हता! ही बाई चोरून चित्रपट बघते. तू पुरावा दे. येत्या रविवारी सभा घेऊन मी तिचं नाव काढते."

"पण डिस्क तर तुमच्याकडे असते ना?"

"माझ्या कपाटात. कुलपात. किल्ली माझ्या गळ्यात."

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. बंद कपाटातलं रहस्य! मी ताबडतोब वही काढली आणि तारीख घातली. तारीख चुकली, पण जोम होता.

पहिला संशयित ड्वेन कोस्की. हा थंडर बे गावचा ट्रकवाला, रस्त्याकडेला ट्रक उभा करून मंडळात बसतो. चित्रपट चालू असताना त्याच्या मागे काचेवरचे वायपर हलताना मी स्वतः पाहिले होते. बाहेर बर्फ पडत नव्हतं. म्हणजे तो वायपरने आजींना खुणा करत होता.

"काका, काच खारवटली होती," ड्वेन म्हणाला. "रस्त्यावर मीठ टाकतात ना! आणि मला तरी कुठे माहीत होतं पुढे काय होणार? हर्बर्ट गेला तेव्हा माझा सँडविचचा घास हातातच राहिला."

मी वहीत त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं. सँडविच कशाचं होतं हे विचारायचं राहून गेलं, याची चुटपुट लागली.

दुसरी उपपत्ती मला आंघोळ करताना सुचली आणि मी टॉवेल गुंडाळून तसाच स्वयंपाकघरात आलो. व्हर्ना पिरोगी करत होती. पारीत बटाट्याचं सारण भरून ती कडा चिमटीने दाबत होती.

"व्हर्ना, न्यूफाउंडलंडचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असतं!"

"मग?"

"आपण चारला चित्रपट लावतो, तेव्हा तिकडे साडेसहा वाजलेले असतात. चित्रपट दोन तास दहा मिनिटांचा. म्हणजे आपला सुरू होतो तेव्हा तिचा संपून वीस मिनिटं झालेली असतात!"

व्हर्नाने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण या नजरेची मला अजून सवय झालेली नाही. "मग ती आपल्याबरोबर बसून काय बघते?"

"दुसऱ्यांदा बघते. म्हणून तर रडायला आधीच सुरुवात करते."

"कपडे घाल," व्हर्ना म्हणाली.

रविवारी सभा भरली. पडद्यावर आठ चौकोन. चारांत ग्वेंडाबाई, ड्वेन, आजी आणि मी. उरलेल्या चौघांची नावं मला आठवत नाहीत, कारण ते नेहमी आवाज बंद करून काहीतरी चघळत असतात. आजींनी गळ्यात मोत्यांची माळ घातली होती. काहीतरी समारंभ आहे असं त्यांना वाटलं असावं.

मी पंचवीस मिनिटं बोललो. वायपर, घड्याळ, कपाट, किल्ली. घड्याळाचं गणित मांडलं तेव्हा चघळणाऱ्यांपैकी एकाने मान डोलावली. शेवटी मी बोट रोखलं. "फिलोमिना हाइन्स, कबूल करा! तुम्ही चित्रपट आधी पाहता!"

आजींचा चेहरा उतरला. "नाही हो बाबा. माझ्याकडे ते डिस्क लावायचं यंत्रसुद्धा नाही. माझं नाव काढू नका. महिनाभर मी या रविवारची वाट बघते."

मला एकदम वाईट वाटलं. पण गुप्तहेराने विरघळून चालत नाही, म्हणून मी घसा खाकरला. "मग हर्बर्ट मरणार हे तुम्हाला कळलं कसं?"

तेवढ्यात व्हर्ना पिठाचे हात पुसत माझ्या खांद्यावरून वाकली. "आजी, तुम्ही पुस्तक वाचलं होतंत का?"

"म्हणजे काय? एकविसाव्या प्रकरणात आहे ना ते. वाचूनच बसायचं असतं ना इथे?"

चघळणं थांबलं. मग एका चौकोनातला कॅमेरा बंद झाला. मग दुसरा. ड्वेन खाली वाकून काहीतरी शोधू लागला, ते त्याला बराच वेळ सापडलं नाही.

खरं सांगायचं तर पुस्तकाची मी बाहेरून कसून तपासणी केली होती. पुढचं मुखपृष्ठ, मागचं मुखपृष्ठ, कणा. चर्चेच्या वेळी मी दर महिन्याला म्हणतो, "लेखकाने परिसर फार जिवंत उभा केलाय." आठ महिन्यांत एकदाही ते चुकलं नाही. बाकीच्यांनी वाचलेलं असतं, आपण एकट्यानेच नाही, अशी माझी समजूत होती.

"ग्वेंडाबाई," मी हळूच विचारलं, "तुम्ही तरी?"

ग्वेंडाबाईंचे कान लाल झाले. "मला नियम लिहायचे असतात, ओरेस्ट. वेळ कुठे मिळतो? मला वाटलं, मी एकटीच..."

आजी एकेका चौकोनाकडे बघत होत्या. "म्हणजे तुमच्यातलं कोणीच नाही?" त्या म्हणाल्या. "आमच्या गावात आता वाचणारं कोणी उरलं नाही. मी म्हणायचे, असू दे, तिकडे सातजण आहेत. मी ज्या पानावर रडले, त्याच पानावर तेही रडले असतील. हर्बर्टचं पान वाचलं त्या दिवशी तुम्हा सगळ्यांची आठवण आली मला."

आजी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी आयुष्यात पुष्कळ पोती नापास केली, पण त्या दिवशी स्वतःला कुठल्या प्रतीत घालावं ते मला कळेना. मला भयंकर लाज वाटली. ड्वेननेच शेवटी डोकं वर काढलं. "आजी, पुढच्या वेळी वाचून येतो. आईशप्पथ." ग्वेंडाबाईंनी नाव काढण्याचा ठराव मागे घेतला आणि फेब्रुवारीचा चित्रपट रद्द केला. आधी त्या महिन्याचं पुस्तक संपवायचं, असं ठरलं. नियम वीस झाले.

त्या आठवड्यात मी खुर्ची खिडकीशी ओढून फेब्रुवारीची कादंबरी उघडली. पहिली चाळीस पानं डुलक्या काढत गेली. नंतर काय झालं कोण जाणे, व्हर्नाने दोनदा जेवायला हाक मारली ती मला ऐकू आली नाही. बुधवारी एकशे ब्याऐंशीव्या पानावर नायिका अंधारात विहिरीत उतरली, वरून कोणीतरी दोर कापला आणि प्रकरण संपलं. पुढचं पान उलटण्याचा मला धीर होईना. मी थेट आजींना फोन लावला.

"आजी, ओरेस्ट बोलतोय. ती वाचते ना हो? एवढंच सांगा. दोर कोणी कापला ते नाही सांगितलं तरी चालेल."

पलीकडे चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. "वा रे वा," आजी म्हणाल्या. "सांगते म्हणून माझं नाव काढायला निघाला होतात ना? आता वाचा. पान उलटा, मी फोनवर थांबते."

मी पान उलटलं.