हिवरटेक दर्शनवर पाणी आले

वणीहून मुकुटबनकडे जाताना लागणाऱ्या हिवरटेक या गावाला दोन गोष्टींची नितांत गरज होती. एक पाणी आणि दुसरी स्वतःची दूरचित्रवाहिनी. नगरपंचायतीने दोन्हींचा साधकबाधक विचार करून वाहिनी आधी मंजूर केली. पाण्याचं काय, आलं की संपतं. वाहिनीचं उद्‌घाटन मात्र पुन्हा पुन्हा दाखवता येतं.

आणि खरंच दाखवलं. 'हिवरटेक दर्शन' केबलवर सुरू झालं आणि पहिला आठवडाभर त्यावर अध्यक्ष फीतच कापत होते. पुढे वाढदिवस आणि श्रद्धांजली हे दोन कार्यक्रम सुरू झाले. दोन्हींना फुलांची चौकट एकच, त्यामुळे खालची ओळ वाचेपर्यंत माणूस आहे की गेला ते कळायचं नाही. तरी लोक पडद्याला चिकटून! आपला सोयरा, आपली गल्ली, आपलाच बैल टीव्हीत दिसतो म्हटल्यावर घरचं दूध उतू गेलं तरी कोण उठतो?

अडचण एकच होती. हिवरटेकात नळ यायची खूण म्हणजे लाइट जाणं. लोक टिल्लू पंप लावून पाणी वरच्यावर ओढतात, म्हणून संध्याकाळी नळ सोडताना वीज बंद करायची, ही जुनी रीत. अंधार पडला की बाया हंडे घेऊन मोरीकडे धावायच्या. आता तीच वेळ दर्शनच्या मुख्य कार्यक्रमाची आली. दर्शनच्या कार्यक्रम समितीने ताबडतोब ठराव केला : 'सांस्कृतिक हितास्तव नळाच्या वेळेची वीजबंदी रद्द करण्यात येत आहे.'

झालं! वरच्या आळीतले पंप घुरघुरू लागले आणि खालच्या मोहल्ल्यात, पाइपाच्या पार शेवटच्या टोकाला राहणाऱ्या फरीदाच्या नळातून नुसती हवा यायला लागली. तिचा नवरा जमीर वणी रोडवर कोळशाचे ट्रक दुरुस्त करायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याचे फक्त डोळे आणि दात ओळखू यायचे. पाणी नाही म्हणजे स्वयंपाक नाही, नमाजाआधी वजू नाही, आणि नवऱ्याच्या अंगावरची काजळी तशीच गादीवर. फरीदा पदर खोचून नगरपंचायतीत गेली.

तिथे कमलाकर बसले होते. पाणीपुरवठ्याचे बाबू तेच आणि दर्शनच्या कार्यक्रम समितीचे सचिवही तेच.

"साहेब, नळ नुसता फुसफुस करून राह्यला. लाइट काहून नाही घालवत तुमी?"

कमलाकरांनी चष्मा पुसला. "बाई, अंधाराच्या तक्रारी आम्ही घेतो. उजेडाची तक्रार आमच्याकडे बसत नाही."

"बसो का उभी राहो. मले पानी पाह्यजे!"

"दखल घेऊ," कमलाकर म्हणाले. "दर्शनवर."

आणि दखल घेतली हो! दुसऱ्याच दिवशी फरीदाच्या दारात कॅमेरा आला, कमलाकरांची पुतणी शाल्मली निवेदिका म्हणून आली, आणि एक टँकर आला. नळाला पाणी दिसल्याशिवाय नळाचा कार्यक्रम कसा होणार? भिंतीमागून टँकरचा पाइप नळाला जोडला आणि शाल्मली म्हणाली, "ताई, आता हंडा भरताना हसा."

फरीदा मनापासून हसली. इतक्या दिवसांनी पाणी पाहून कोण हसणार नाही? हंडा अर्धा भरला तेवढ्यात "कट" झालं आणि उरलेलं पाणी घेऊन टँकर पुढच्या प्रभागात हसवायला गेला.

संध्याकाळी 'नळ आला हो!' लागला आणि अख्खी गल्ली फरीदाकडे जमली. पाण्याच्या खळखळाटाने घर भरून गेलं. शेजारची भुरीबाई तर गालावर हात ठेवून म्हणाली, "माय माय, धार त पाह्य कशी हाये!" कार्यक्रम इतका गाजला की समितीने तो रोजचा केला. फरीदाला 'आदर्श नळधारक' हा किताब आणि स्टीलचा चकचकीत हंडा मिळाला. तिने तो टीव्हीशेजारी मांडला.

पुढच्याच आठवड्यात मोहल्ल्यात अधूनमधून येणारा पाण्याचा टँकरही बंद झाला. फरीदा पुन्हा गेली.

"अहो, तुमच्या नळाला रोज पाणी येतं," कमलाकर म्हणाले. "मी स्वतः रोज बघतो."

"साहेब, थे एकाच दिवसाचं पानी हाये!"

"पण दाखवतो तर रोज ना? नियमित पुरवठा यालाच म्हणतात. आणि बाई, आदर्श माणसाने तक्रार करू नये. चुकीचा संदेश जातो."

फरीदा तणतणत घरी आली. "आग लागो त्या टीव्हीले!" म्हणाली आणि वेळ झाली तशी तिने टीव्ही लावला.

"कायले पाह्यतं थे?" जमीर काळ्या हाताने कोरडी भाकर मोडत म्हणाला. "तोंड धुवाले घोटभर पानी नाही घरात."

"पाहू द्या ना. साडीचा रंग किती मस्त दिसून राह्यला माहा."

मग महाविशेष भाग ठरला. गल्लीतली प्रत्येक बाई एकेकदा नळापाशी हसताना दिसणार होती. बाया दुपारपासून वेण्या घालून बसल्या. संध्याकाळी शाल्मलीने पडद्यावर नमस्कार केला आणि गावाला वीज पुरवणाऱ्या चौकातल्या डीपीचा फ्यूज उडाला. अंधार!

पूर्वी या क्षणी सगळ्या नळाकडे पळाल्या असत्या. आता अख्ख्या गल्लीने एकच हंबरडा फोडला.

"चला नगरपंचायतीवर!" भुरीबाई कडाडली. "अन् हंडे घ्या! बिनहंड्याचा मोर्चा कोन पाह्यते?"

खरंच होतं. रिकामा हंडा डोक्यावर नसेल तर हिवरटेकात त्याला मोर्चा म्हणत नाहीत, फिरायला जाणं म्हणतात. हंडे निघाले, घागरी निघाल्या, बादल्यासुद्धा निघाल्या. मोहल्ल्यात चहाचं पातेलं मागे राहिलं नाही. किताबाचा हंडा घेऊन फरीदा सगळ्यांत पुढे. निघताना मोरीत काहीतरी खळखळल्याचं तिने ऐकलं. टीव्ही लागला वाटतं, असं तिला वाटलं. लाइट नसताना टीव्ही कसा लागेल, हे काही डोक्यात आलं नाही.

"लाइट द्या! टीव्ही आमच्या हक्काचा!" घोषणांनी कचेरी दणाणली. कमलाकर बाहेर आले ते कॅमेऱ्यासकट आणि हात जोडून. लाइट लगोलग आली. हिवरटेकच्या इतिहासात कुठलीही मागणी इतक्या तातडीने मान्य झाली नव्हती. बाया गुलाल उधळल्यागत परतल्या.

गल्लीत चिखल झाला होता. घराघरातून पाण्याचे ओहोळ नालीत गेले होते. लाइट नव्हती तेवढा वेळ वरच्या आळीचे पंप मेले होते आणि पाणी पार शेवटच्या टोकापर्यंत धो धो आलं होतं. फरीदा मोरीत गेली तेव्हा नळातून पुन्हा हवा निघत होती.

दारात जमीर उभा होता, नखशिखांत काळा. तोही आत्ताच आला होता.

"हंडा कुठी होता?"

"मोर्च्यात."

"पान्याच्या?"

फरीदा ओल्या मोरीत बसली आणि हमसून हमसून रडली. स्वतःचाच इतका राग तिला कधी आला नव्हता.

तेवढ्यात घरातून भुरीबाई ओरडली, "फरीदाबी, ये ना लवकर! आपले हंडे दाखवून राह्यले!"

फरीदाने डोळे पुसले. उठली. आत गेली आणि आवाज वाढवायला सांगितला.

हसा, खुशाल हसा! पण तुम्ही ही गोष्ट वाचत बसला होता तेवढ्या वेळात तुमचा नळ येऊन गेला की काय, तेवढं आधी उठून बघा.